काकीजींच्या बरण्या

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लोक डाळ ठेवतात, पापड ठेवतात, फार तर पाण्यात एखादा वेल लावतात. आमच्या शेजारच्या काकीजींच्या बरण्यांत वाळक्या काड्या असायच्या. काडीला काहीतरी चिकटलेलं. कुठे फेसाचा गोळा, कुठे कापसाचा पुंजका, कुठे मोहरीएवढ्या दाण्यांची रांग. बरणीच्या तोंडाला जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा दोऱ्याने बांधलेला आणि पोटावर चिकटपट्टी. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, ‘निंबू, पाटीलबाईंकडून, भादवा सुदी तीज’. तारीख त्या कधी लिहीत नसत, तिथी लिहीत. अशा तीस-चाळीस बरण्या मागच्या पडवीत लाकडी फळीवर ओळीने मांडलेल्या. नवा पाहुणा लोणचं समजून मोठ्या आशेने जवळ जायचा आणि दोन पावलं मागे सरकायचा. काकीजींना त्याची फार गंमत वाटे.

त्यांचं खरं नाव चंदनबाई. सगळी कॉलनी त्यांना काकीजी म्हणायची, फक्त माझी आई चंदनबाई म्हणायची, कारण दोघी एका वयाच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन जालन्यात दुकान टाकलं होतं. आता मुलगा, प्रकाशभाऊ, हार्डवेअरचं दुकान सांभाळायचा. काकीजी घरात मारवाडी बोलत आणि आमच्याशी जालन्याची मराठी, तीही अशी की अंबडच्या बाजारातल्या बायकांनी मान डोलवावी.

आमची पहिली भेट भिंतीवरून झाली. मला इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, म्हणून मी आणि आई अंबडचं भाड्याचं घर सोडून या कॉलनीत आलो होतो. मागच्या अंगणात आधीच्या मालकांचा कढीपत्ता होता. त्याच्या एका फांदीला तपकिरी, वाळलेल्या फेसासारखा गोळा चिकटला होता. मला तो रोग वाटला. मी खुरपं घेतलं आणि खरवडायला हात लावणार, तेवढ्यात भिंतीवरून एक पांढरा पदर आणि जाड चष्मा वर आला.

"ए बेटा, थांब! कोणाचं घर हाय ते, माहीत हाय का तुला?"

मी म्हटलं, माहीत नाही, पण घाण दिसतंय.

"काय करतीस तू?"

"शाळेत शिकवते. विज्ञान."

"अगं बाई! सायन्सची बाई अन् घर कोणाचं ते माहीत न्हाई. दे ती फांदी इकडं. आधी निघू दे, मंग बोलू."

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन. आधी निघू दे, मंग बोलू. आत कोण आहे ते बाहेर येऊ दे, त्याचं तोंड बघू, मग तो चांगला की वाईट ते ठरवू. फांदी बरणीत गेली. मी विसरूनही गेले. तीनेक आठवड्यांनी सकाळी सकाळी हाक आली, "सायन्सची बाई, जल्दी ये!" बरणीत त्या गोळ्याला धाग्यांनी लोंबकळत शेकडो किडे बाहेर पडत होते, डासाएवढे, पण पुढचे दोन पाय जोडून बसलेले. खंडोबाचे किडे. मोठेपणी बोटाएवढे लांब होतात आणि बागेतल्या बाकीच्या किड्यांना खातात, ते. आई म्हणाली, "ईऽऽ!" वर्गात फळ्यावर ज्याचं चित्र मी दोनदा काढलं होतं, त्याची अंडी मी खुरप्याने खरवडायला निघाले होते.

"बघत काय राह्यली, सोड त्यांना झाडावर," काकीजी म्हणाल्या. "बरणीत ठेवलं तर भाऊ भावाला खातो. माणसावानी."

हा नाद त्यांना लागला तो भीतीपोटी. त्या जैन, आणि त्यातही कडक. पाणी उकळून प्यायचं, सूर्य मावळला की अन्न-पाणी दोन्ही बंद, झाडावरचं फूलही तोडायचं नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच चातुर्मासात सासूबाईंनी लिंबाच्या झाडावरची एक गाठ काढून टाकायला सांगितली. काकीजींच्या मनात आलं, आत जीव असला तर? त्यांनी एका साध्वीजींना विचारलं. साध्वीजी म्हणाल्या, माहीत नसेल तर आहे असं समजावं. मग सतरा-अठरा वर्षांच्या त्या सुनेने गाठ बरणीत घालून कोठीत लपवली. आठ दिवसांनी तिच्यातून इवलीशी काळी माशी निघाली आणि कोठीत उडाली. "सासूबाई इतक्या ओरडल्या," काकीजी हसत सांगायच्या, "की मी तेव्हाच ठरवलं, हे काम चांगलं हाय."

पन्नास वर्षं त्यांनी ते काम केलं. चौथी शिकलेल्या बाईने. कॉलनीतलं कुणीही, कधीही फांदी घेऊन यायचं आणि त्या आधी चष्मा पुसायच्या. करंजाच्या पानावर मुरूम आल्यासारखे फोड येतात ना, त्याला त्या म्हणायच्या, "हे झाडानं बांधलेलं घर हाय, भाडेकरू दुसराच." गुलाबाच्या पानावर केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकाला पांढरे ठिपके उभे होते, ते पाहून आईने बुरशी, बुरशी म्हणून गिल्ला केला. बरणीत ठेवल्यावर त्यातून माव्याची कीड खाणारी पोरं निघाली, तेव्हा काकीजी म्हणाल्या, "बुरशी न्हाई ताई, पाळणे हायेत. भावंडांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून आईनं एकेकाला वर टांगून ठेवलंय." बदनापूरला रोज रेल्वेने जा-ये करणारे, शेतीचं शिक्षण झालेले एक साहेब आमच्या गल्लीत राहायचे. ते एका रविवारी मुद्दाम बरण्या पाहायला आले, दीड तास उकिडवे बसून पाहत राहिले आणि उठताना काकीजींच्या पाया पडले. मी तिथेच उभी होते. माझी छाती अशी फुगली की जणू बरण्या माझ्याच होत्या.

हसण्यासारखंही पुष्कळ व्हायचं. एकदा गुलमोहराच्या सालीवरचा एक तांबडा, चकचकीत गोळा त्यांनी चार महिने सांभाळला. रोज सकाळी जाऊन मलमलवर कान लावायच्या. शेवटी साहेबांनी तो बोटाने दाबला आणि म्हणाले, काकीजी, हा डिंक आहे. मी तीन दिवस त्यांना चिडवलं. त्या म्हणाल्या, "न्हाई निघालं कोणी. पर कोणाचं वाईट बी न्हाई झालं." आणि चिकटपट्टीवर ‘डिंक’ असं लिहून बरणी तशीच फळीवर ठेवली.

आता आईच्या जास्वंदीबद्दल सांगायला हवं.

आईचं माहेर धावड्याचं, भोकरदनच्या पुढे. माझ्या आजीच्या अंगणात एक जास्वंद होती, शेंदरी, दुहेरी पाकळ्यांची, वाटीएवढी. तसला रंग मी अजून कुठल्या नर्सरीत पाहिलेला नाही. आजी गेली, मामांनी घर विकलं, घेणाऱ्याने स्लॅबचं घर बांधताना ते झाड मुळासकट काढलं. आईने लग्नात आणलेल्या फांदीचं झाड तेवढं राहिलं. घरं बदलली तशी ती कुंडी बदलत आली. अंबडहून जालन्याला येताना सगळं सामान टेम्पोच्या मागे होतं आणि कुंडी पुढे, ड्रायव्हरशेजारी, आईच्या मांडीवर. इथे आल्यावर आईने पहिल्यांदा ती जमिनीत लावली. रोज सकाळी त्यातलं एक फूल गणपतीला. माहेरची म्हणावी अशी आईजवळ ती एकच वस्तू होती, आणि ती आईइतकीच हट्टी होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी फुलायची थांबत नसे.

एका वर्षी प्रजासत्ताक दिनाला कॉलनीच्या महिला मंडळाने काकीजींचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. भाषणात कोणीतरी त्यांना ‘आपल्या कॉलनीची प्रयोगशाळा’ म्हणालं. काकीजी जरीची साडी नेसून, गळ्यातला हार हातात घेऊन घरी परतत होत्या, मागे दहा-बारा बायका. आई फाटकात उभी होती. जास्वंदीच्या शेंड्यांवर दोन दिवसांपासून कापसासारखं पांढरं दिसत होतं.

"चंदनबाई, हे जरा बघता का? औषध मारू का?"

काकीजींनी रस्त्यावरूनच पाहिलं. मागच्या वर्षी तसलाच पांढरा कापूस अंगावर वागवणारी एक अळी त्यांनी बरणीत वाढवली होती. तिच्यातून छोटा भुंगेरा निघाला होता आणि तो झाडाचा मित्र निघाला होता. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे आपलंच पोर हाय, ताई. कीड खातंय. बिलकुल फवारू नका." बायकांनी माना डोलावल्या. बरणी आली नाही, मलमल आली नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या काही निघायच्या आधी बोलल्या.

दोनच दिवसांनी काकीजी सोलापूरला नातीच्या बाळंतपणासाठी गेल्या. इकडे जास्वंदीचे शेंडे मुठीसारखे आवळत गेले. पानं चिकट झाली, मग काळी, मग गळू लागली. मी आईला म्हटलं, अगं, औषध मारू. आई म्हणाली, "चंदनबाई म्हणाल्यात ना." दर आठवड्याला मी म्हणायचे आणि दर आठवड्याला तेच उत्तर. फोन करून विचारू, म्हटलं तर म्हणे, त्यांच्या घरी लेकरू जन्मलंय, आपलं कुठं झाडाचं घेऊन बसायचं. आईचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. चैत्र संपेपर्यंत अंगणात काड्या उभ्या होत्या.

काकीजी परत आल्या त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून पाहिलं. शेवटची एक काडी घेऊन गेल्या, बरणीत घातली. चार दिवसांत काचेवर गुलाबी ठिपके पसरले आणि प्रत्येकाला पांढरी पिठूळ लव फुटली. पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पिणारी कीड, दुसरं काही नाही. त्याच दिवशी त्या आमच्या दारात आल्या.

"ताई, चूक झाली. मी बरणीत न्हाई ठेवलं. न बघता बोलली मी."

आई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी दोघींच्या मधे उभी राहिल्यासारखी खिडकीत उभी होते. त्या दिवसापासून आई गणपतीला बाजारातून फूल आणू लागली आणि भिंतीकडे पाठ करून कपडे वाळत घालू लागली.

दुसऱ्या कोणी ती बरणी फेकून दिली असती. काकीजींनी ती फळीवर सगळ्यांत पुढे ठेवली, डिंकाच्याही आधी. चिकटपट्टीवर लिहिलं, ‘चंदनची चूक. न बघता बोलली. ताईंची जास्वंद मेली.’ त्यानंतर जो कोणी फांदी घेऊन यायचा, त्याला त्या पहिल्यांदा ती बरणी दाखवायच्या. "हे वाच. मंग तुझं दाखव." प्रकाशभाऊ वैतागला. म्हणाला, "माँ, गावभर कशाला सांगता?" त्या म्हणाल्या, "सत्कार गावभर झाला का न्हाई?" मी तेव्हा आईच्या बाजूची होते, आईसाठी माझा जीव तुटत होता. तरीसुद्धा त्या बरणीपुढे उभी राहिले की मला या बाईचा असा काही अभिमान वाटायचा की सांगता येत नाही. मी वर्गात चुकीचं गणित मांडलं तर फडकं मारून पुसून टाकते.

भाद्रपदात त्यांची संवत्सरी आली. त्या दिवशी जैन घरातली माणसं वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागतात. काकीजी दर वर्षी कॉलनीत दारोदार जायच्या. आमच्या दारात त्या सगळ्यांत शेवटी आल्या, उपवासाने तोंड सुकलेलं, हात जोडलेले.

"ताई, सालभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं तुम्हाला दुखवलं. मिच्छामि दुक्कडम्."

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "माफी मागून झाड उगवत असतं का?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. काकीजी मात्र क्षणभर विचार करून म्हणाल्या, "न्हाई उगवत. बराबर बोलल्या तुम्ही." आणि गेल्या.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मी शाळेत निघाले, तर त्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रिक्षात बसत होत्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली. कुठे, विचारलं तर म्हणाल्या, "काम हाय." ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते जालनेकरांना सांगायला नको. दिवसभर त्यांचा पत्ता नव्हता. दिवेलागणीला फाटक वाजलं, तेव्हा रिक्षातून उतरताना त्यांना प्रकाशभाऊने धरलं होतं.

सगळी हकीगत दुसऱ्या दिवशी सकाळी कळली, ती प्रकाशभाऊकडून. काकीजी धावड्याला गेल्या होत्या. एकट्या. भोकरदनला एसटी बदलून. आईनेच कधीतरी गप्पांत सांगितलं होतं की आजी फार हौशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात जास्वंदीची फांदी द्यायची. ते काकीजींच्या लक्षात होतं. तेवढ्यावर ही सत्तरीला आलेली बाई अनोळखी गावात दारोदार फिरली. "शेवंताबाईंनी दिलेली जास्वंद कोणाकडे हाय का?" शेवंताबाई म्हणजे माझी आजी. तिला जाऊन वीस वर्षं झालेली. बहुतेक दारांत नाही म्हणाले. दुपारी गावाच्या पार टोकाला एका म्हातारीने त्यांना आत नेलं. मागच्या परसात शेंदरी, दुहेरी, वाटीएवढी फुलं लागलेली होती.

म्हातारीने तीन फांद्या कापून दिल्या. काकीजींनी स्वतः कापल्या नाहीत, आणि म्हातारी विळा चालवत होती तेव्हा त्या झाडाला हात जोडून उभ्या होत्या. फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. परतीची बस वाटेत बंद पडली. ऊन फडक्यातलं पाणी पिऊन टाकायला लागलं, तेव्हा काकीजींनी आपल्या बाटलीतलं पिण्याचं पाणी त्या फडक्यावर ओतलं. थोडं थोडं करत सगळं. घरी पोचल्या तोवर सूर्य मावळला होता.

"मंग काय," प्रकाशभाऊ भिंतीपलीकडून सांगत होता, "रात्रभर तशीच. म्हणलं, माँ, दवा म्हणून तरी घोटभर घ्या. न्हाई म्हणाली. सूर्य उगवल्यावर पाणी पिली. दुपारपासून उन्हात होती हो ती, अन् पाणी जवळ असून."

आई कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला पिळा तसाच राहिला. मग ती आत गेली, आणि मी पाहिलं, तिने गॅसवर पातेलं चढवलं. नुसत्या पाण्याचं. उकळून, गार करून, स्वच्छ फडक्याने झाकून तिने ते ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक तांब्या उकळलेलं पाणी रोज असायचं, कोणी पिवो न पिवो.

तीनपैकी दोन फांद्या वाळल्या. तिसरीला काकीजींच्या पडवीत चार पानं फुटली, तेव्हा त्या ती कुंडी घेऊन आल्या. आईने कुंडी घेतली. पान उलटून पाहिलं.

"बसा चंदनबाई," आई म्हणाली. "पाणी घ्या. उकळलेलं हाय."

काकीजींनी घराबाहेर कोणाकडे पाणी घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो तांब्या रिकामा केला.

पण खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होती. रोप गुडघ्याएवढं झालं होतं, दोन कळ्या धरल्या होत्या, आणि एका सकाळी शेंड्यावर पुन्हा तो पांढरा कापूस. मी शाळेतून येताना औषधाची बाटली आणि पंप घेऊनच आले. हे रोप गेलं तर त्या एका म्हातारीच्या परसाशिवाय ती जास्वंद कुठेच नव्हती. काकीजी आल्या, चष्मा पुसला, वाकून पाहिलं. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या सरळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बरणी आणा. तुमची आणा."

कापूस लागलेली एक डहाळी आईच्या हातून आईच्या बरणीत गेली. काकीजींनी पदराची कड फाडून तोंडाला बांधली आणि बरणी स्वतःच्या फळीवर न नेता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

"ह्या टायमाला तुम्ही बघा, ताई. माझ्या शब्दावर राहू नका. माझा शब्द एकदा खोटा निघालाय."

"अन् तोवर झाड गेलं तर?"

"तर बाटली घरात आलीच हाय. कधी मारायची ते तुम्ही ठरवा. मी न्हाई म्हणणार न्हाई."

त्यांच्या तोंडून हे निघणं काय होतं, ते आईला कळलं. जन्मभर मुंगी वाचवून चालणारी बाई आईला फवारायची मोकळीक देत होती. आईने बाटली उचलून माळ्यावर ठेवली.

बारा दिवस आई त्या बरणीसमोर भाजी निवडत बसली. सिरियल सुटली, दुपारची झोप सुटली. चौथ्या दिवशी म्हणाली, "सगळे सारखे न्हाईत गं. काही जागेवर बसून हायेत अन् काही पळतात. पळणारे बसलेल्यांना खाऊन राह्यले." माझी आई सातवी शिकलेली. मी भिंग आणून दिलं. मग पळणारे एकेक करून काडीला चिकटले आणि निपचित पडले. आईने जेवण सोडायचंच बाकी ठेवलं. बाराव्या दिवशी मी आंघोळीला गेले होते आणि बाहेरून किंकाळी आली, "निघालं! निघालं गं! चंदनबाई, अहो चंदनबाई!" आई बरणी छातीशी धरून भिंतीकडे धावत होती. आत मसुरीएवढे, काळपट पाठीचे आणि नारिंगी डोक्याचे चार भुंगेरे काचेवर चढत होते.

बरणी झाडाखाली ठेवली. मलमल सोडायची वेळ आली तेव्हा काकीजी घुटमळल्या. हे भुंगेरे आता त्या पांढऱ्या किड्यांना खाणार, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी गाठ सोडली, कापड काढलं आणि आपलं तोंड भिंतीकडे फिरवलं. "ज्याचा त्याचा आहार. मी फक्त दार उघडलं," म्हणाल्या. आईला हसू आलं. मग काकीजींनाही. दोघी म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि भुंगेरे चालत चालत झाडावर गेले.

पाऊस लागेपर्यंत शेंडे मोकळे झाले. भाद्रपदात संवत्सरीच्या दिवशी काकीजी दारोदार निघायच्या आधीच आई त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तिने हात जोडले. तिला ते शब्द येत नव्हते. ती एवढंच म्हणाली, "चंदनबाई, उगवलं बरं का." काकीजींनी तिचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि सोडलेच नाहीत.

काकीजी गेल्या पौषात गेल्या. झोपेतच. बरण्यांचं काय करायचं, असं प्रकाशभाऊने विचारलं, तेव्हा मी सगळ्या मागून घेतल्या. त्या आता माझ्या शाळेत आहेत, विज्ञानाच्या खोलीत, त्याच क्रमाने. सगळ्यांत पुढे ‘चंदनची चूक’. नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी ती वाचायला लावते आणि ही चंदन कोण, ते ताठ मानेने सांगते.

आई अजून रोज पहाटे जास्वंदीपाशी जाते. झाड आता भिंतीच्या वर गेलं आहे, सात-आठ फुलं सहज असतात. गणपतीसाठी ती फुलं काढते, पण सगळी काढत नाही. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत वरचं एक फूल ती झाडावर ठेवते. परवा समोरच्या बाई म्हणाल्या, आजी, तेच तर सगळ्यांत छान आहे, ते का नाही घेतलं?

"ते चंदनबाईंचं हाय," आई म्हणाली. "त्या तोडत नव्हत्या."